एकदाचे मोकळे व्हा म्हणणाऱ्यांना

मे महिना अर्धा सरला की कोकणात दोन गोष्टी हमखास येतात: चाकरमानी आणि त्यांचे सल्ले. आंबे-फणस खाऊन झाले की हात धुता धुता पाहुण्याची नजर छपराकडे वळते. वर कुणीतरी कौलं परतत असतं, खाली फुटक्या कौलांचा ढीग पडलेला असतो, अंगणात तेल लावून ठेवलेले वासे सुकत असतात. मग ते वाक्य येतंच. "दरवर्षी हा ताप कशाला? एकदाचा स्लॅब टाका आणि मोकळे व्हा."

कुडाळ तालुक्यात काजूच्या उतारावर बायकोने आणि मी गावातल्या गवंडी-सुतारांच्या हाताखाली राबून एक मांगर बांधला. चिऱ्याचं जोतं, चिऱ्याच्याच भिंती, ऐन आणि किंजळाचे वासे, वर मंगळुरी कौलं. एक खोली आणि पुढे पडवी. त्यालाही आता बरीच वर्षं झाली. या वर्षांत ते वाक्य मी शेजाऱ्यांकडून, नातेवाइकांकडून, बँकेतल्या साहेबाकडून आणि काजू विकत घ्यायला आलेल्या व्यापाऱ्याकडूनही ऐकलं. आजवर हसून सोडून देत होतो. पण आता तो चार माणसांचा सल्ला राहिलेला नाही. तो शहाणपणा म्हणून मिरवतो आहे आणि त्याच्या जोरावर वाड्यांमागून वाड्या छपरं उतरवत आहेत. तेव्हा त्याला उत्तर द्यायलाच हवं.

आधी त्यांचं म्हणणं नीट मांडतो, उगाच अन्याय नको. ते म्हणतात: ज्या घराला दरवर्षी हात लावावा लागतो ते मुळात धड बांधलेलंच नाही. पक्कं घर ते, जे बांधून झालं की विसरता येतं. स्वतः घर बांधणं ही हौस म्हणून एक वेळ चालेल, पण जन्मभर त्याची डागडुजी करत बसणं हा रिकामटेकड्यांचा उद्योग. तेवढ्या वेळात माणूस चार पैसे मिळवील आणि कंत्राटदाराला देईल. शिवाय इतके वासे, इतकी कौलं बदलल्यावर मूळचं घर उरलंय कुठे, की त्याला एवढं जपावं? थोडक्यात, दुरुस्ती हा घराच्या कुंडलीतला दोष आहे आणि स्लॅब ही त्याची शांत.

यातला एकही मुद्दा उभा राहत नाही. एकेक घेऊ.

पहिला मुद्दा मोकळं होण्याचा. हा सल्ला देणारा गृहस्थ बहुधा मुंबईत, ठाण्यात नाहीतर पुण्यात सोसायटीत राहतो. दर महिन्याला तो एक बिल भरतो. त्या बिलाला तो स्वतः काय म्हणतो? मेंटेनन्स. त्याच्या स्लॅबच्या, कॉलमच्या, लिफ्टच्या पक्क्या घरासाठी दुरुस्ती निधी वेगळा आणि सिंकिंग फंड वेगळा. महाराष्ट्रातल्या सहकारी गृहनिर्माण संस्थांच्या आदर्श उपविधींत लिहिलेलं आहे की इमारत १५ वर्षांची झाली की तिशीपर्यंत दर ५ वर्षांनी आणि त्यापुढे दर ३ वर्षांनी स्ट्रक्चरल ऑडिट करून घ्यावं. ही तरतूद कौलारू मांगरांसाठी केलेली नाही, काँक्रीटच्या इमारतींमध्ये राहणाऱ्यांसाठी केलेली आहे. म्हणजे ज्या घरात राहून हे आम्हाला मोकळं व्हायला सांगतात, त्या घरातून ते स्वतः एक महिनाही मोकळे झालेले नाहीत. फरक इतकाच, की ते पैसे भरतात आणि काम कुठे झालं ते त्यांना दिसत नाही.

आता गावातल्या स्लॅबकडे या. काँक्रीटच्या पोटातली सळई कोरडी आणि झाकलेली राहते तोवर सगळं ठीक असतं. किनाऱ्यावरच्या हवेत मीठ असतं. ते ओलाव्याबरोबर काँक्रीटमध्ये झिरपत सळईपर्यंत पोचतं आणि सळई गंजू लागते. गंज मूळच्या लोखंडापेक्षा कितीतरी जास्त जागा मागतो. आतून रेटा बसतो, तडा जातो, तड्यातून आणखी पाणी शिरतं आणि एके दिवशी छताचा पोपडा जमिनीवर येतो. हे टाळायचा उपाय गुपित नाही. आयएस ४५६ हे २००० सालचं भारतीय मानक किनारी हवामानातल्या आरसीसीसाठी किमान एम ३० दर्जाचं काँक्रीट आणि सळईवर ४५ मिलिमीटर कव्हर मागतं. मालवण-वेंगुर्ल्याकडच्या किती घरांच्या स्लॅबमध्ये ते असतं? कव्हर म्हणून सळईखाली खडीचा तुकडा सरकवून काम उरकलेलं मी समोर उभा राहून पाहिलं आहे. तो स्लॅब भरून झाल्यावर मालकाने पेढे वाटले. मोकळा झाला बिचारा.

आणि त्या मोकळेपणाचं पुढे काय होतं तेही रस्त्यावरून जाताना दिसतं. कोकणातल्या कुठल्याही गावात मान वर करून बघा: स्लॅबच्या घरावर लोखंडी पाइपांचा सांगाडा आणि त्यावर निळा नाहीतर लाल पत्रा. का बरं? स्लॅब गळतो म्हणून. उन्हाळ्यात तापून खाली बसवत नाही म्हणून. तीनेक हजार मिलिमीटर पावसाच्या मुलुखात सपाट छप्पर घालायचं आणि ते वाचवायला त्याच्या डोक्यावर उतरतं छप्पर घालायचं! आमच्या आजोबांनी तेच केलं होतं, फक्त मधला स्लॅब वगळून.

दुसरा मुद्दा, घर विसरता आलं पाहिजे. हा मला सगळ्यांत घातक वाटतो, कारण तो ऐकायला फार गोड आहे. घर विसरता येतं, नक्की येतं. पण पाऊस, वाळवी आणि गंज हे तुम्हाला विसरत नाहीत. दक्षिण मुंबईतल्या जुन्या चाळी आणि इमारती कच्च्या बांधलेल्या नव्हत्या. त्यांतल्या कित्येकींचं सागवान आजच्या कुठल्याही फ्लॅटला लाजवेल. भाडं गोठलं, तेव्हा मालकाला दुरुस्ती परवडेना. घर आपलं नाही, म्हणून भाडेकरू हात लावीना. दुरुस्ती कुणाचंच काम राहिलं नाही. शेवटी १९६९ साली कायदा करून सरकारला इमारत दुरुस्ती मंडळ नेमावं लागलं आणि त्यासाठी उपकर बसवावा लागला. विसरलेल्या घरांची ही गत. ती वाईट बांधणीने आलेली नाही.

मी माझं घर विसरत नाही म्हणजे नेमकं काय करतो, तेही सांगतो. कारण 'दरवर्षीचा ताप' म्हणणाऱ्यांपैकी कुणी शिडी चढल्याचं मला आठवत नाही. हातोड्याच्या दांड्याने एकेक वासा ठोकत जायचं. धड वासा खणखणीत वाजतो, पोखरलेला भद्द आवाज देतो. वासा कुजतो तो दोन जागी: पागोळ्यांचे शिंतोडे उडतात त्या बाहेरच्या टोकाला आणि भिंतीवर टेकतो त्या बैठकीत, जिथे ओल सुकत नाही. मधला भाग शंभरातल्या नव्वद वेळा धड असतो. सुतार टोकाशी पटाशी टोचून बघतो आणि सांगतो, "ह्यो वासो गेलो, औंदाच काढूक व्हयो," किंवा नुसतं कुजलेलं टोक कापून, खाच पाडून तिथे नवा तुकडा जोडतो. त्यावर काजूच्या टरफलाचं तेल चढतं. वाळवीला आणि भुंग्याला ते मानवत नाही. जोत्याला मी मुद्दाम गिलावा केलेला नाही. वाळवी जमिनीतून वर चढताना मातीची नळी बांधत येते आणि उघड्या चिऱ्यावर ती नळी लांबून दिसते. गुळगुळीत सिमेंट आणि टाइलच्या मागून ती चढली असती तर दाराची चौकट हातात आल्यावरच कळलं असतं.

मग पहिला पाऊस. त्या रात्री बॅटरी घेऊन आत बसायचं आणि थेंब शोधायचा. थेंब पडतो त्याच्या नेमकं वर फुटकं कौल कधीच नसतं. पाणी रिपेला धरून सरकतं, वाशावरून घरंगळतं आणि भलत्याच ठिकाणी ठिबकतं. त्या वाटेने उलटं जायचं, कौल सापडलं की कोळशाने खूण करायची. सकाळी उघडीप मिळाली की खालूनच काठीने वरचं कौल जरा उचलायचं, फुटकं ओढून काढायचं, नवं सरकवायचं आणि त्याचं नाक रिपेत अडकलं की काम संपलं. संपूर्ण छपरातला तेवढाच तुकडा निघतो, बाकीच्याला धक्काही लागत नाही. बासेल मिशनने १८६५ साली मंगळुरात कौलांचा कारखाना काढला, तेव्हापासून या कौलाची खरी करामत हीच आहे: ते एकेकटं निघतं. एक काळजी घ्यावी लागते, घर बांधतानाच त्याच साच्याची थोडी कौलं जास्तीची घेऊन ठेवावी. दुसऱ्या कारखान्याचं कौल खाचेत चपखल बसेलच असं नाही.

आता स्लॅबमधून गळती शोधून दाखवा. पाणी वरच्या तड्यातून शिरतं, आतल्या आत फिरतं आणि तिसऱ्याच खोलीत ओल धरतं. मग वॉटरप्रूफिंगवाला येतो, वर काळं डांबरी पान चिकटवतो, दोन पावसाळ्यांची हमी देतो आणि तिसऱ्या पावसाळ्यात फोन उचलत नाही. बिघाड दोन्ही घरांत होतो. माझ्या घरातला बिघाड मला दिसतो, हाताला लागतो आणि एका सकाळीत निघतो. तुमच्यातला बिघाड छताच्या पोटात बसून वाढत राहतो. मग ताप कुणाला जास्त झाला?

तिसरा मुद्दा पैशाचा आणि वेळेचा. हिशेबी माणसं सांगतात, तुमच्या दिवसाची किंमत काढा, दर वर्षाच्या दुरुस्तीला गुणा, तेवढ्यात स्लॅब होतो. हिशेब ऐकायला बिनतोड आहे, त्यातली अर्धी वही मात्र कोरी आहे. वीस-पंचवीस वर्षांनी तोच स्लॅब फोडायला किती लागतात? त्या वेळी घरातली माणसं कुठे राहतात? ते कर्ज कोण काढतं? कौलारू घराचा खर्च थोडा थोडा, दरवर्षी आणि ऐपतीत येतो. एका वर्षी चार वासे बदलता आले नाहीत तर दोन बदला, दोघांना खालून टेका द्या आणि पुढचा मे गाठा. काँक्रीट अशी सवलत देत नाही. ते अनेक वर्षं काहीच मागत नाही, आणि मागतं तेव्हा सगळं एकदम मागतं. शेतकऱ्याला कुणी म्हणतं का, दरवर्षी कसली नांगरणी, एकदाच खोल नांगरून मोकळा हो? शेत बघणं म्हणजेच शेती, हे सगळ्यांना कळतं. घराच्या बाबतीत मात्र अक्कल गहाण पडते.

आणि वेळेचं म्हणाल, तर छपरावर घालवलेला दिवस वाया गेला हे ठरवलं कुणी? त्याच दिवशी मोबाइल हातात धरून पडवीत लोळणाऱ्याने? घर स्वतः बांधलेल्या माणसाला कुठला चिरा कुठे बसला, कुठली तुळई कशावर टेकली हे ठाऊक असतं. ते ज्ञान वापरलं तरच टिकतं. कंत्राटदाराला चावी देणाऱ्याला आपल्या घराविषयी एकच गोष्ट कळते: बिलाचा आकडा.

इथे मला आमच्या बाजूच्या वाटणाऱ्या काही मंडळींनाही दोन शब्द सुनवायचे आहेत, कारण चौथा आक्षेप, म्हणजे हौसेचा, त्यांच्यामुळेच बळावला आहे. शहरातून येऊन मातीचं नाहीतर बांबूचं घर बांधायचं, त्याचे फोटो काढायचे, निसर्गाच्या कुशीतल्या जगण्यावर भाषण ठोकायचं आणि तिसऱ्या पावसाळ्यात पडवी खचली की कुलूप लावून निघून जायचं. या पंथाचा आद्य पुरुष म्हणजे थोरो. दुर्गाबाई भागवतांनी 'वॉल्डनकाठी विचारविहार' म्हणून त्याला मराठीत आणलं, तेव्हापासून आपल्याकडच्या कित्येकांच्या मनात तळ्याकाठची ती खोपी घर करून आहे. थोरो मोठा माणूस, त्याबद्दल वाद नाही. १८४५ साली त्याने ती खोपी आपल्या हातांनी २८ डॉलर साडेबारा सेंटांत बांधली आणि पै-पैचा हिशेब लिहून ठेवला. पण त्या हिशेबात दहाव्या वर्षीचं छप्पर आहे का? विसाव्या वर्षीचा पाया आहे का? नाही, कारण दोन वर्षं, दोन महिने, दोन दिवस राहून तो निघून गेला. ती खोपी पुढे दुसरीकडे हलवली गेली, धान्य ठेवायला वापरली गेली आणि अखेर मोडून तिची लाकडं इतर कामांना लागली. जगातलं सगळ्यांत गाजलेलं स्वहस्ते बांधलेलं घर त्याच्या बांधणाऱ्याने जेमतेम तीन पावसाळे सांभाळलं.

तेव्हा हौसेचा आरोप चुकीच्या दारात आला आहे. बांधणं ही हौस असू शकते. बांधताना उत्साह असतो, बघे असतात, नारळ फोडला जातो. डागडुजीला नारळ कोण फोडतो? भर उन्हात, कौलांच्या धुळीत, वाळवीने खाल्लेला भुसा डोळ्यांत जात असताना हौस पहिल्या तासात संपते. त्यानंतर उरते ती जबाबदारी. 'घर पाहावं बांधून' म्हणणाऱ्या आपल्या म्हणीनेही बांधण्यापाशीच हात टेकले. स्लॅबवाले आणि हे फोटोवाले एकमेकांना कितीही नावं ठेवोत, दोघांची श्रद्धा एकच: घर ही पूर्ण होणारी वस्तू आहे. एकाला ती पूर्ण करून विसरायची असते, दुसऱ्याला पूर्ण करून मिरवायची.

पाचवा मुद्दा तत्त्वज्ञानाचा आव आणून येतो. सगळं बदललं, मग मूळचं घर उरलं कुठे? जपानमधलं इसेचं देवस्थान साधारण दर वीस वर्षांनी शेजारच्या मोकळ्या जागेवर नव्या लाकडात पुन्हा उभारलं जातं. पहिली उभारणी इसवी सन ६९० मधली मानतात, बासष्टावी २०१३ साली झाली. तिथे कुणी विचारत नाही की मूळचं देऊळ उरलं कुठे. इतकं लांब कशाला, पुरीला जगन्नाथाचे रथ दरवर्षी नव्या लाकडाचे बांधतात आणि तरी तीच रथयात्रा शेकडो वर्षं चालू आहे. वीस वर्षांनी नव्याने बांधायचं म्हणजे प्रत्येक पिढीच्या सुताराला ते काम हातांनी करावं लागतं, म्हणून ते काम जिवंत राहतं. माझ्या मांगरातले काही वासे पहिले आहेत, काही नंतरचे. घर तेच आहे, कारण त्याची वासा-तुळईची मांडणी तीच आहे आणि ती राखणारी माणसंही तीच आहेत. उलट, स्लॅबच्या घरातला प्रत्येक कण मूळचा असतो हे खरं, अगदी आतला गंजही.

आता कबूल करण्यासारखं जे थोडं आहे ते करून टाकतो. माकडं आणि वानरं कौलांवर धुडगूस घालतात, हे खरं आहे आणि त्यांच्याशी वाद घालून उपयोग नसतो. निसर्ग चक्रीवादळ ३ जून २०२० ला रायगडच्या किनाऱ्यावर आदळलं तेव्हा कौलं उडाली, पत्रे उडाले. स्लॅब उडाला नाही. मुलं मुंबईत आणि गावच्या घरात एकटी म्हातारी, अशा ठिकाणी पत्रा टाकला तर मी एक शब्द बोलणार नाही. शिडी तिने चढायची का? माझं भांडण तिच्याशी नाही. धडधाकट हातपाय आणि खिशात पैसे असून जे हा नाइलाज प्रगती म्हणून विकतात, त्यांच्याशी आहे.

कौलं परतायला माणूस मिळत नाही, हे रडगाणंही त्यांचंच. माणूस कसा मिळेल? काम देणारं घर उरलं तर शिकणारा हात उरेल. तुम्ही छप्पर उतरवलंत, त्याने शिडी विकली, मुलाला रिक्षा घेऊन दिली. आता तोच पुरावा म्हणून दाखवता?

मुद्दा माती विरुद्ध सिमेंट असा नाहीच. सिमेंटही मी वापरतो, जिथे ते लागतं तिथे. पण घर बांधताना विचारायचा प्रश्न 'याला कधीच हात लावावा लागणार नाही ना?' हा नव्हे. त्याचं खरं उत्तर एकच आहे आणि ते कुठलाही कंत्राटदार तुम्हाला देणार नाही. विचारायचं ते असं: बिघडेल तेव्हा मला दिसेल का? बिघडलेलं तेवढंच काढता येईल का? ते काढायला गावातला माणूस आणि माझी ऐपत पुरेल का? या तिन्हींना 'हो' म्हणणारं घर चिऱ्याचं असो की विटांचं, ते टिकतं. एकालाही 'हो' म्हणता येत नसेल, तर त्याच्या भिंती कितीही जाड असोत, तुम्ही संकट पुढच्या पिढीच्या नावावर ठेवलेलं आहे.

ज्याला मोकळंच व्हायचं आहे त्याने भाड्याने राहावं, त्यात काही कमीपणा नाही. पण घर बांधलंत की एक काम अंगावर घेतलंत, आणि त्या कामाला शेवट नाही. आपली खोटी कल्पना अशी की दुरुस्त करावं लागतं ते कच्चं आणि हात लावावा लागत नाही ते पक्कं. जगात हात लावावा लागत नाही असं एकही घर नाही. जे दुरुस्त करता येत नाही, ते पक्कं नव्हे. ते फक्त अजून पडलेलं नाही.